ऐंशी फुटांचा देश

मिशिगनातल्या ट्रॉय गावात गुरुनाथ कुंभोजकर राहतो. मूळचा कराडचा. मोटारीच्या सीटखाली लोखंडी सांगाडा असतो ना, तो पक्का जोडलाय की नाही हे बघणं त्याचं काम. एखादं वेल्डिंग कच्चं दिसलं की तो त्यावर लाल चिठ्ठी डकवतो आणि सांगाडा बाजूला काढतो. घरी आला तरी ही सवय काही कपड्यांबरोबर उतरत नाही. शुभा म्हणते, "लग्नाच्या वेळी मला लाल चिठ्ठी लावली नाही, हे माझं नशीबच म्हणायचं."

घरात माणसं चार, पण कागद तीन तऱ्हेचे. गुरुनाथचा कामाचा व्हिसा. शुभा आणि थोरली रुही त्याच्या व्हिसाला लटकलेल्या, खुंटीला पिशव्या लटकाव्यात तशा. आणि धाकटी सिया इथेच जन्मली, म्हणून ती जन्मतःच इथली मालकीण. अकरा वर्षांची आहे, भांडण झालं की म्हणते, "डोन्ट वरी बाबा, मी ट्वेंटीवनची झाले ना, की तुम्हाला स्पॉन्सर करेन." गुरुनाथ हसतो. पण तो एकवीस आकडा त्याला टोचतो, तो सियामुळे नव्हे.

रुही कराडात जन्मली. तीन वर्षांची असताना आईच्या कडेवरून या देशात आली. इथेच बोलायला शिकली, इथेच सायकलवरून पडली, इथेच नर्सिंगच्या कॉलेजात गेली. पण कायदा असा, की मूल एकवीस वर्षांचं झालं की बापाच्या कागदावरून त्याचं नाव गळतं. ग्रीन कार्ड मिळालं असतं तर प्रश्नच नव्हता. पण त्या रांगेत गुरुनाथ बारा वर्षं उभा आहे, आणि रांग गोगलगायीलाही लाज वाटेल अशी सरकते. येत्या नऊ सप्टेंबरला रुहीला एकवीस पूर्ण होणार होती. त्या दिवसापासून ती या घरात, या गावात कोण म्हणून राहणार, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

स्टुडंट व्हिसा मागावा म्हटलं, तर वकीलबाई म्हणाल्या, "मिळेल का सांगता येत नाही. तिथे लिहून द्यावं लागतं, की शिकून परत जाईन. आणि तुम्ही तर बारा वर्षं लिहून देताय, की आम्हाला सगळ्यांना इथेच राहायचंय."

गुरुनाथ खोटं लिहिणारा माणूस नव्हे. त्याने स्टुडंट व्हिसाचा नाद सोडला.

अशा दिवसांत त्याला डर्क भेटला. पश्चिमेकडे, मिशिगन सरोवराच्या काठी, मस्केगन गावात डर्क होड्या बांधतो. साठी ओलांडलेला, दाराएवढा उंच माणूस. तो कारखान्यात नापास सांगाडे भंगारात घ्यायला आला होता.

"कशाला हवेत?" गुरुनाथने विचारलं.

"बाकं करायचीत. माणसांना बसायला."

"मग नाही देणार. ज्याला मी लाल चिठ्ठी लावली, त्याच्यावर माणूस बसायचा नाही."

डर्क मोठ्याने हसला. म्हणाला, "मला माझ्या देशात तुझ्यासारखा माणूस हवाय."

"तुमच्या देशात? म्हणजे हाच की."

"हा नव्हे. आम्ही नवीन काढतोय."

खरंच काढत होते. डर्क आणि त्याच्यासारखी चाळीसेक माणसं. लोखंडी पिंपांवर तरंगणारा एक तराफा बांधायचा, ऐंशी फूट लांब, आणि तो ओढत न्यायचा भर समुद्रात, जिथे कुठल्याच सरकारचं पाणी नाही. त्या देशाचं नाव फ्रीशोअर. तिथे कर नाही, परवाने नाहीत, कोणी कोणावर हुकूम चालवायचा नाही. जे करायचं ते आपसांत ठरवून, राजीखुशीने.

कोणी म्हणेल, येडाच आहे. पण डर्कचंही काहीतरी दुखलं होतं. त्याच्या बायकोला घरासमोरच्या पाण्यात एक लाकडी धक्का हवा होता, संध्याकाळी पाय सोडून बसायला. परवानगीसाठी डर्कने अर्ज केला. या ऑफिसातून त्या ऑफिसात, नऊ वर्षं. परवानगी आली तेव्हा बसणारी गेली होती. डर्कने तो कागद फ्रेम करून शेडमध्ये टांगलाय. आणि त्याच रागाने आपला पासपोर्ट संपला तेव्हा नवा काढलाच नाही. म्हणाला, मी कुठे जावं हे विचारणारे तुम्ही कोण?

गुरुनाथने ते सगळं ऐकून एकच विचारलं. "तुमच्या देशात रांग आहे?"

"दारच नाही, तर रांग कसली?"

"आणि एखादी मुलगी एकवीस वर्षांची झाली तर?"

डर्कला प्रश्न कळला नाही. "तर केक कापू," तो म्हणाला.

गुरुनाथ शनिवारी सकाळी तीन तास गाडी हाकत मस्केगनला जायला लागला.

शुभाने कपाळावर हात मारून घेतला. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! अहो, दाराला कुठला रंग द्यायचा हे तुम्ही कॉलनीच्या असोसिएशनला तीनदा ईमेल करून विचारलंत. आणि तुम्ही देश काढणार?"

"मी काढत नाहीये. मी फक्त वेल्डिंग बघतोय."

"आणि ज्यांच्या दारात बारा वर्षं उभे आहोत, त्यांना कळलं की हा गृहस्थ दुसरीकडे देश बांधतोय, तर?"

"त्यात बेकायदेशीर काही नाही. वकीलबाईंना विचारलंय."

"विचारलंत? काय म्हणाल्या?"

"आधी हसल्या. मग म्हणाल्या, हरकत नाही."

रुही समोर बसून दुधातलं सीरियल खात होती. तिने मान वर केली नाही. "बाबा, मला कंट्री नकोय. मला हॉस्पिटलमधले क्लिनिकल्स पूर्ण करायचेत. दॅट्स इट."

"अगं, नुसता पर्याय म्हणून."

"पाण्यात तरंगणारा पर्याय?"

"सगळे देश कधीतरी कोणीतरी काढलेलेच असतात की, बेटा."

यावर रुहीने बाऊल उचलून तोंडाला लावला आणि दूध पिऊन टाकलं. बोलायचं टाळायचं असलं की ती लहानपणापासून असंच करते.

हिवाळ्यात तराफा उभा राहिला. एकेक सांधा गुरुनाथने हाताने चाचपला. त्याने अकरा जागी लाल चिठ्ठ्या लावल्या आणि त्या स्वतंत्र माणसांनी कुरकुरत अकराही जागा पुन्हा जोडल्या. मग डर्क म्हणाला, "गुरू, तिथे रोजचं कसं चालेल, त्याचं एक पान लिही. एकच."

आता गुरुनाथ ट्रॉयच्या मराठी मंडळात आठ वर्षं गणपतीचा सेक्रेटरी होता. आरतीचं ताट कोणी धरायचं, खुर्च्या कोणी मांडायच्या, कचरा कोणी न्यायचा, सगळ्याच्या पाळ्या लावलेला त्याचा एक कागद होता, आणि त्या कागदापुढे भले भले डॉक्टर मुकाट्याने पोछा मारत. त्याने तोच काढला. गणेशोत्सव खोडून फ्रीशोअर केलं, इंग्रजी केलं. नियम झाले एकेचाळीस. पहिला: पादत्राणे दाराशी काढावीत.

मीटिंगला एकच गोंधळ. आम्ही नियम टाळायला समुद्रात चाललोय, आणि हा चपलांचा कायदा घेऊन आलाय! एकेक नियम वाचायचा आणि नामंजूर करायचा, असं चाललं. तेहतिसावा आला. तो गडबडीत तसाच राहून गेला होता: 'प्रसादाचे डबे ज्याचे त्याने त्याच दिवशी परत न्यावेत; दुसऱ्याचा डबा कोणी वापरू नये.'

गुरुनाथचे कान लाल झाले. पण मागच्या बाकावरचा एक दाढीवाला उठला आणि गहिवरून म्हणाला, "ज्याचा डबा त्याचा. मित्रांनो, याच्यासाठी तर आपण लढतोय."

अर्धा तास चर्चा झाली. प्रसाद म्हणजे काय ते कोणी विचारलं नाही. एकेचाळिसांतला तेवढा एकच नियम एकमताने पास झाला.

मे अखेरच्या जोडसुट्टीत रंगीत तालीम ठरली. समुद्र लांब, म्हणून मिशिगन सरोवरातच किनाऱ्यापासून दोन मैल आत, तीन दिवस. सरोवर म्हणायचं आपलं. पलीकडचा काठ दिसत नाही असलं पाणी, फक्त गोडं. तेवीस माणसं चढली. गुरुनाथने पोहे, लोणचं आणि नावं घातलेले डबे नेले. शिवाय माणसांची नावं घातलेला पाळ्यांचा कागद नेला. मंजूर झाला नव्हता, पण नेला. एका खांबाला टेपने चिकटवला. कोणी तिकडे पाहिलं नाही.

पहिला दिवस मजेत गेला. फक्त दाढीवाल्याने आपल्या वाट्याच्या फळ्यांवरून कोणी जायचं नाही म्हणून दोरी बांधली, तेव्हा बाकीचे कडेकडेने, भिंतीला चिकटून पाल जावी तसे जायला लागले. संडास दोन होते, आणि सकाळी त्यांच्यापुढे रांग लागली. डर्कने गुरुनाथकडे बघितलं. गुरुनाथने आकाशाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा उठला. एका पिंपात पाणी शिरायला लागलं आणि तराफा एका अंगाला कलला. हातपंप होता, पण तो सारखा मारावा लागणार होता, वारा पडेपर्यंत. कोणी मारायचा? जो तो दुसऱ्याकडे बघे. तिथे कोणी कोणाला सांगू शकत नव्हतं, सांगायचं नाही असंच तर ठरलं होतं. दोघंतिघं वाद घालायला लागले, की पिंप कोणाच्या वाट्याखाली आहे.

गुरुनाथ उठला. खांबाजवळ गेला. कागदावर पहिलं नाव त्याचंच होतं. त्याने अर्धा तास पंप मारला, घड्याळ लावून. मग हात पुसले आणि दुसरं नाव होतं डर्कचं, त्याच्यासमोर जाऊन नुसता उभा राहिला. मंडळात तो असाच उभा राहायचा. ओरडायचा नाही, विनवायचा नाही. झाडू हातात घेऊन उभा राहायचा, आणि त्या उभं राहण्याला आजवर कोणी नाही म्हटलं नव्हतं.

डर्क उठला. डर्कनंतर तिसरं नाव दाढीवाल्याचं. त्याने पाच मिनिटं हाताची घडी घातली. मग दोरी ओलांडून आला आणि पंपाचा दांडा धरला. संध्याकाळपर्यंत बारा पाळ्या झाल्या. शेवटचं नाव पुन्हा गुरुनाथचं. वारा पडला, देश सरळ झाला.

किनाऱ्याला लागल्यावर डर्कने गाडीतून एक पाकीट आणलं. निळ्या कव्हरचा, सोनेरी अक्षरांचा पासपोर्ट. आत रुहीचा फोटो, सतरा नंबर. "तुझ्या मुलीचा. पहिल्यांदा कोणाचा छापला असेल, तर हा," डर्क म्हणाला. "सतरा का, ते विचारू नकोस. माझ्या बायकोच्या वाढदिवसाची तारीख आहे."

गुरुनाथने तो दोन्ही हातांनी घेतला. घरी आणून देवघरात ठेवला, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी.

फ्रीशोअरचं म्हणाल, तर पुढच्याच आठवड्यात त्याची फाळणी झाली. आमच्यावर पाळ्या लादल्या म्हणत निम्मे लोक निघाले, आणि त्यांनी दुसरा तराफा बांधायला घेतला. दाढीवाला मात्र डर्ककडेच राहिला. म्हणाला, डब्याचा नियम इकडे आहे.

इकडे रुहीने कोणालाच न सांगता आपली वाट शोधली होती. डेट्रॉईटच्या नदीपलीकडे कॅनडा. तिथे विंडसर गाव, ट्रॉयपासून पाऊण तासावर, आणि तिथे नर्सिंगचं कॉलेज. तिने अर्ज केला होता आणि प्रवेश मिळाला होता.

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," शुभा म्हणाली. "बाप समुद्रात देश शोधतोय, अन् पोरीनं नदीपल्याड काढला."

आता राहिला तिकडच्या शिक्षणाच्या परवान्याचा फॉर्म. तो गुरुनाथने हट्टाने मागून घेतला. फॉर्म भरण्यात त्याचा हात धरणारा या मिशिगनात कोणी नाही. एक रकाना मोकळा ठेवायचा नाही, एक अक्षर खोटं लिहायचं नाही. त्यात एक प्रश्न होता: दुसऱ्या कुठल्या देशाचं नागरिकत्व आहे किंवा होतं का? गुरुनाथ थबकला. पेन खाली ठेवलं. देवघराकडे पाहिलं. आणि लिहिलं: होय. फ्रीशोअर. सव्वीस मेपासून.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. असा देश आमच्या यादीत सापडत नाही. दहा दिवसांत खुलासा करावा.

रुहीने फोनवर वाचलं. दोनदा वाचलं. "बाबा. तुम्ही हे लिहिलं?"

"प्रश्न होता, बेटा. उत्तर द्यायला नको?"

"नो! असं लिहायचंच नव्हतं! लोक त्या बॉक्समध्ये फ्रान्स लिहितात, बाबा. फ्रान्स! आता त्यांना वाटणार मी फ्रॉड आहे. सप्टेंबरला इथून बाहेर, आणि तिकडे रिजेक्ट. मग मी कुठे जाऊ? कराडला? तिथे मला रिक्षावालापण इंग्लिशमध्ये बोलतो!"

"नंतर काही निघालं असतं तर म्हणाले असते की लपवलं."

"कोणी शोधलं असतं? कोणी?"

 साऱ्या जन्मात गुरुनाथने दुसऱ्यांच्या हजारो चुका पकडल्या. आणि आपली एक चूक पोरीच्या मानेवर जाऊन बसली. तो उठून गॅरेजमध्ये गेला आणि उगाचच लॉनमोवर उघडून बसला. शुभाने चहा नेऊन दिला, तो तसाच गार झाला.

"मीच जातो त्या कॅनडावाल्यांकडे, सांगतो की चूक माझी," तो म्हणाला.

"कसे जाल? तुमच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय, परत येताना अडकाल. वकीलबाईंनी बजावलंय, सध्या हद्द ओलांडू नका म्हणून."

खरंच होतं ते. नदीपलीकडची घरं इकडून दिसतात, पण बापाला जाता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुही जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली. तासाभराने बापाला हाक मारली. "वाचा. तुम्ही चेक केल्याशिवाय मी काही पाठवणार नाही." राग उतरला नव्हता, पण हाक मारली.

तिने लिहिलं होतं:

'फ्रीशोअर हा सत्तर फूट लांब तराफा आहे. त्याला माझे वडील सोडून कोणीही देश मानत नाही. मी त्याच्यावर कधी पाऊल ठेवलेलं नाही. मी तीन वर्षांची असल्यापासून ज्या देशात राहते, तिथे सप्टेंबरनंतर मला राहता येणार नाही. म्हणून माझ्या वडिलांनी माझ्यासाठी एक देश बांधायला मदत केली. ते क्वालिटी इन्स्पेक्टर आहेत, त्यांना खोटं लिहिता येत नाही आणि रिकामा रकाना बघवत नाही. चूक एवढीच आहे. मला नर्स व्हायचं आहे.'

गुरुनाथने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

"काय? काही चुकलंय?" रुही म्हणाली.

"ऐंशी," गुरुनाथ म्हणाला. "सत्तर नव्हे. ऐंशी फूट."

रुही बघत राहिली. मग हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने सत्तरचे ऐंशी केले आणि पत्र पाठवलं.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात परवाना आला. वर एका ओळीचीही टिप्पणी नव्हती. दगडी काळजाच्या ऑफिसात ते पत्र कोणी वाचलं, हसलं की डोळे पुसले, कोणाला माहीत.

आता तिला पोचवायचं कोणी? गुरुनाथला जाता येईना, शुभाचा कागद त्याच्याच कागदाला बांधलेला. सिया म्हणाली, "आय ॲम सिटिझन, मी नेते." पण अकरा वर्षांची सिटिझन गाडी कशी चालवणार?

गुरुनाथने फोनवर डर्कला सहज सांगितलं. निघायचं कधी, एवढंच डर्कने विचारलं.

शनिवारी डर्कचा जुना ट्रक दारात उभा राहिला. डर्क उतरला, खिशात हात घातला आणि नवाकोरा पासपोर्ट काढून गुरुनाथपुढे धरला. अमेरिकेचा, खराखुरा.

"तुम्ही? तुम्ही तर काढणार नव्हतात!"

"तीन तास रांगेत होतो," डर्क म्हणाला. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. "वर जास्तीची फी भरून घाईने करून घेतला. खिडकीतल्या बाईने विचारलं, कुठे जाताय? सांगितलं, माझ्या देशाची एक नागरिक आहे, तिला कॉलेजात सोडायचंय."

ट्रकमध्ये पेट्या चढल्या. पोहे, मेतकूट, प्रेशर कुकर, आणि नाव घातलेले सहा डबे. सिया मधे बसली. रुही बापाच्या पाया पडली, आईच्या गळ्यात पडली. मग आत पळत गेली आणि देवघरातला निळा पासपोर्ट घेऊन आली.

"हा तिकडे कोणाला दाखवू नकोस हं," गुरुनाथ घाबरून म्हणाला.

"नाही दाखवणार. मला हवाय."

दुपारी गुरुनाथ आणि शुभा डेट्रॉईटच्या नदीकाठी जाऊन कठड्याशी उभे राहिले. पलीकडे विंडसरचा काठ. मधून एक लांबलचक मालवाहू बोट चालली होती, ती संपता संपेना. ती गेली तेव्हा पलीकडे तीन ठिपके दिसले: एक दाराएवढा उंच, एक मधला, एक छोटा, उड्या मारणारा.

फोन वाजला.

"दिसतोय का मी?" रुही म्हणाली.

"दिसतेस. जॅकेट घाल, वारा आहे."

"बाबा, इट्स ऑगस्ट." मग म्हणाली, "खोली चांगली आहे. चार मुली आहोत. पण किचन बघितलं तर सिंक भरून भांडी. कोणाची कोणाला माहीत नाही."

गुरुनाथने कठडा घट्ट धरला. "मग?"

"मग काय. कागद लावलाय फ्रिजवर. पहिलं नाव माझं."

गुरुनाथने फोन शुभाच्या हातात दिला आणि नदीकडे तोंड करून उभा राहिला. शुभा फोनमध्ये म्हणत होती, "आणि डब्यांवरची नावं पुसू देऊ नकोस, कळलं का? डर्ककाकांना जेवल्याशिवाय सोडू नकोस."